चार ओळींचं माप

चाकणच्या कांदाबाजारातले ते मापाडी पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. दुपारी त्याच संथ सुरात आम्हा अडाणी हमालांना पेपर वाचून दाखवायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी एका उमेदवाराचं भाषण रकानाभर छापलं होतं, दुसऱ्याचं चारच ओळींत. त्यांनी रकाना वाचला. मग तेवढाच वेळ भरेपर्यंत त्या चार ओळी पुन्हापुन्हा वाचल्या.

“दादा, तुमी तर रकानावाल्याच्या बाजूचे ना?” मी विचारलं.

“व्हय. पर छापणाऱ्यानं काटा मारला म्हणून मी बी मारू?” पेपरची घडी घालत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दर उमेदवाराची वेगळी, अशा मतपेट्यांपुढे उभा राहिलो, तर रकान्यातलं काहीच आठवेना. त्या चार ओळी तेवढ्या पाठ होत्या.