कागदी कडब्याची कोप

वेळ अमावस्येला या वर्षी येऊ नका, असा निरोप दादाने फोनवर दिला, तेव्हा मुलांना आता काय सांगावे, हीच चिंता मला आधी वाटली. दादाला तो निरोप देताना काय वाटले असेल, हा विचार फार उशिरा आला.

आमच्या लातूर भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावे ओस पडतात आणि राने भरतात. कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याशी बांधून शेतात कोप उभी करायची, म्हणजे एक लहानशी खोपीच. तिच्यात चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबट ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बांधावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून जेवायला बसवायचे. नोकरीनिमित्त मी नांदेडला स्थायिक झालो, वडिलांच्या मागे शेत दादाने एकट्याने सांभाळले. पण हा सण आम्ही कधी चुकवला नव्हता.

पावसाने त्या साली सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली. दादाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, गाईसाठी कडबा विकत आणावा लागतो, त्यातल्या पाच पेंढ्या पूजेला गुंतवणे त्याला पटत नाही; आणि ज्याच्या रानात पाच पेंढ्या निघाल्या नाहीत, त्याने लोकांना जेवायला हाक मारू नये. "आवंदा कोप न्हाई, बापू," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

या बोलण्यातला कडब्याचा भाग मी ऐकला. दुसरा भाग माझ्या कानांवरून गेला.

कागदाची कल्पना मुलीची. शाळेत तिला 'टाकाऊपासून टिकाऊ' असा एक तास असे आणि त्या तासाला ती बाटल्यांचे पेनस्टँड आणि आमंत्रणपत्रिकांचे आकाशकंदील करून आणी. ती म्हणाली, कडबा नाही ना, मग आपण करू. माळ्यावर रद्दीचे गठ्ठे होते. मी सायकलच्या चाकाची एक जुनी आरी काढून दिली. तिच्याभोवती कागदाचे पान तिरके गुंडाळत जायचे, टोकाला खळ लावायची आणि आरी हळूच ओढून काढायची, की ज्वारीच्या ताटासारखी बारीक, कडक नळी तयार होई. खळ बायकोने करून दिली, कणीक चाळून उरलेल्या कोंड्यात थोडे पीठ घालून. हळदीच्या पाण्याचा हात फिरवला की कागदाला वाळल्या कडब्याचा रंग येई. किराण्याच्या खाकी पिशव्या उभ्या कापून मुलाने पाने केली. तो लहान होता, त्याची पाने केळीएवढी रुंद होत. बहीण त्याला चिडवी की, हा केळीवाल्या अर्धापूरचा कडबा आहे.

त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या घरात फार सुख असे. मुले माझ्या दोन्ही बाजूंना बसत आणि मी त्यांना सांगे, ताट असे असते, पेरे इथे येते, पान इथून फुटते. इतक्या वर्षांनी माझ्या हातांना शेतातले काही आठवत होते. आज तपासून पाहतो तेव्हा वाटते, मी मुलांना कोप शिकवत होतो त्याहून अधिक स्वतःची समजूत घालत होतो की, मी अजून त्या रानाचा आहे. दादाला विचारावे, असे एकदाही मनात आले नाही. त्याची अडचण कडब्याची होती आणि ती मी सोडवली होती, असा माझा हिशेब होता.

अमावस्येच्या पहाटे पाच पेंढ्या जुन्या साडीत गुंडाळून आम्ही लातूरची एसटी धरली. कंडक्टरने गाठोड्याला हात लावून पाहिला आणि कडब्याला तिकीट पडेल, म्हणाला. मुलगा घाईने म्हणाला की, हा कडबा नाही, वर्तमानपत्र आहे. "मंग बरं हाय," तो म्हणाला, "वाचत वाचत जाता येईल." अहमदपूरपर्यंत मुले त्यावर हसत होती.

गावात पोचलो तेव्हा दादा रानात होता. वहिनी आम्हाला पाहून क्षणभर उंबऱ्यातच थांबल्या. मग त्यांनी मुलांना जवळ घेतले, माझ्या बायकोच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, आणि सांगितले की, त्यांनी आंबील लावून ठेवली आहे. कोप नसली तरी घरच्यांच्या तोंडी घोट पडलाच पाहिजे. दादाला आम्ही कळवले होते का, असेही त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. मग वहिनी आंबिलीचे मडके उचलून आमच्यासोबत निघाल्या.

दादा बाभळीखाली गाईला पाणी दाखवत होता. मुलांनी धावत जाऊन त्याच्यापुढे गाठोडे सोडले. त्याने एक पेंढी उचलली, वजनाचा अंदाज घेतला, आणि एका नळीचे टोक उलगडून वाचले. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, ही चर्चा त्या हिवाळ्यात पुन्हा जोरात होती आणि नेमके तेच पान त्या नळीत गेले होते.

"कणसं तर न्हाईत," तो म्हणाला, "पर ताटाला जिल्हा लागलाय."

मुले हसली. मीही हसलो आणि या हसण्याच्या आधाराने म्हणालो की, दादा, आता कोप उभी करायला काही अडचण नाही, सगळे आम्ही आणले आहे. कडबा, भाजी, सगळे.

त्याने पेंढी हलकेच खाली ठेवली.

"कोप पावण्यानं आणायची नसती, बापू. ती रानातनं निघती."

आवाज चढलेला नव्हता. त्याच्या रानात काही पिकले नाही, ही गोष्ट तो घरात झाकून बसला होता. मी ती हळद लावून, साडीत बांधून, त्याच्या बांधावर आणून मांडली होती. माझ्या घरात रद्दीला टाकाऊ म्हणण्याची सोय होती. त्याच्या घरी त्या वर्षी टाकाऊ असे काही उरलेच नव्हते. भांड्यांचे पाणीसुद्धा गाईपर्यंत जात होते.

मुलांना यातले काही उमगले नाही. ती कोप उभी करायला लागली. पाचही पेंढ्या टेकवून मुलीने शेंडे बांधले, आणि वारा आला तशी कोप आडवी झाली. तिने पुन्हा उभी केली. पुन्हा पडली. कागदाला वजन नव्हते. मी पुढे झालो, तर वहिनींनी नुसत्या नजरेने मला थांबवले.

दादा गाईपाशीच उभा राहून पाहत होता. तिसऱ्यांदा कोप पडली तेव्हा मात्र त्याच्याने राहवले नाही.

"पेंढी अशी बांधत्यात का गं?" तो मुलीला म्हणाला. "आत कायतरी जड लागतंय. थांब."

तो वाळलेल्या ज्वारीत गेला. बराच वेळ वाकून तो ताटे निवडत होता. त्यातल्या त्यात उंच निघालेली, मुळासकट आणि मुळाच्या मातीसकट. परत येऊन त्याने पाचही पेंढ्या सोडल्या, प्रत्येकीच्या मध्यभागी ती खुजी ताटे घातली, भोवतीने कागद सारखा केला आणि दोरीला गुडघ्याने ताण देत गाठ मारली. मग पेंढ्यांचे बुडखे फाकवून त्या जमिनीत रोवल्या आणि नेहमीप्रमाणे कोपीचे तोंड पूर्वेला केले. मुलाची रुंद पाने त्याने वर छपरासारखी पसरली. वारा आला. कोप हलली, पण उभी राहिली.

मी चुकलो, असे म्हणावे, असे फार वाटत होते. पण तसे म्हणणे म्हणजे त्याला हातचे काम सोडून पुन्हा माझ्याकडे पाहायला लावणे झाले असते. मी पांडवांचे दगड पुसून वहिनींकडे देत राहिलो.

पूजा झाली, रानात आंबील शिंपडून झाली. दादाने हात धुतले नाहीत, धोतराला पुसले, आणि तो बांधावर चढला. पलीकडच्या रानात शेजारी आपल्या बायकोसह नुसताच बसून होता. त्यांच्याकडे चूल दिसत नव्हती. दादाने तोंडाभोवती हात धरून हाक मारली.

"कोप न्हाई म्हणला हुतास की," तिकडून आवाज आला.

"केलीय. या दोघंबी."

ती दोघे यायला लागली, तसा मी घाईने उठून पत्रावळी हातात घेतल्या. दादाने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

"बस तू. वाढायला मी हाय."

शेजाऱ्यांसाठी जागा करत मी मुलांच्या शेजारी बसलो. त्याने पहिला पेला शेजाऱ्याला दिला, दुसरा त्याच्या बायकोला, आणि मग माझ्यापुढे येऊन वाकला. आंबील पातळ होती. मी दोन्ही हातांनी पेला धरला.