पोखरी घाट उतरायचा कसा

नवऱ्याने सायकल घेतली ती स्वतःसाठी. साखर वाढली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि चालायचा कंटाळा म्हणून पुण्याहून गिअरची सायकल आली. दोन आठवडे तो नारायणगावातून वारूळवाडीपर्यंत मोठ्या थाटात जाऊन आला. मग कंबर धरली. सायकल पोर्चमध्ये भिंतीला टेकली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. मी पतपेढीत कामाला जाताना रोज तिच्याकडे बघायचे. एका रविवारी सकाळी टॉवेल उचलले, सीट खाली केली आणि निघाले. शाळेत असताना चालवली होती, त्यानंतर मधे सगळा संसार झाला होता. पण पाय विसरले नव्हते. पहिल्या वळणावर एका कोंबडीला घाबरवलं, तेवढंच.

वारूळवाडीच्या चहाच्या टपरीवर तीन सायकली उभ्या असायच्या. त्यांचे मालक बाकावर बसून चहा पीत असायचे. तिसऱ्या रविवारी त्यांतल्या एकाने हाक मारली, "ताई, दर रविवारी इथवर येऊन माघारी जाता, एक दिवस चहा तरी घ्या." मी घेतला आणि त्यांच्यातली चौथी झाले.

तिघांत वयाने मोठे म्हणजे सर. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी आहे असं समजूनच बोलायचे. दुसरा टोमॅटोची शेती करणारा, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. त्याला सगळे भाऊ म्हणत. तिसरे मेडिकल दुकानवाले शेठ. त्यांची सायकल सगळ्यांत महाग होती. हँडलवर एक छोटं यंत्र होतं, ते त्यांच्या छातीचे ठोके दाखवायचं. चहा गरम असला की ठोके वाढतात, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं.

एका रविवारी सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चहापर्यंतच सायकल चालवणारी माणसं आहोत आपण. लाज वाटली पाहिजे. डिंभ्यावरून पोखरी घाट चढू आणि तळेघरला जेवू. एका दिवसात जाऊन येऊन."

आम्ही तिघंही एका सुरात हो म्हणालो. तिथेच चूक झाली, कारण हो म्हणायला काही लागत नाही. दिवाळीआधी निघालेला हा बेत संक्रांत जवळ आली तरी ठरतच होता.

आधी तारीख. भाऊचा टोमॅटोचा तोडा रविवारीच यायचा. शेठचा दुकानातला पोरगा लग्नसराईत सुट्टीवर. माझ्या घरी पाहुणे. सर मात्र कायम मोकळे, आणि त्याचा त्यांना राग यायचा.

मग निघायची वेळ. सर म्हणाले, "पहाटे पाचला. ऊन चढायच्या आत घाट चढलेला बरा."

भाऊने दोन्ही हात जोडले. "सर, दोन्ही अंगाला ऊस उभा हाये अजून. पाचला काय दिसतंय? आन् सायकलवाला बसतो वाकून. बिबट्याला तो मानूस वाटायचाच न्हाई, बकरू वाटायचं."

यावर कुणी हसलं नाही. आमच्या भागात बिबट्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. अंधारात एकट्याने फिरू नका, हे पोरांनाही पाठ आहे. चांगलं फटफटल्यावर निघायचं, एवढी एकच गोष्ट पहिल्या बैठकीत ठरली.

मग खाणं. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "ताई, नाश्त्याचं तुम्ही बघाल ना?"

"मी रस्ता बघते," मी म्हटलं. "नाश्त्याचं तुम्ही बघा."

का म्हटलं माहीत नाही, पण म्हटलं. शेठनी ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी ते दुकानातल्या पौष्टिक वड्या घेऊन आले, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या. भाऊने एक तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. वडी दाढेला चिकटली होती. बोट घालून ती सुटली तेव्हा म्हणाला, "शेठ, ट्यूबचं पंक्चर काढायला ठेवा ही." शेवटी शेंगदाण्याचे लाडू आणि केळी यावर एकमत झालं.

पण खरा घोळ रस्त्याचा होता. सरांनी तळेघर म्हटलं की दर वेळी कुणीतरी दुसरीच वाट काढायचं. शेठ म्हणायचे, "आण्याला जाऊ. मोकळं पठार, तिथला घाट पण लहानसाच." भाऊ म्हणायचा, "आण्याला बघायचं काय, वारा? त्यापरीस ओतूरला जाऊ. सपाट रस्ता, बाजारात मिसळ खाऊ, माघारी येऊ." आणि मी म्हणायचे, "डिंभ्यापर्यंतच जाऊ या ना. धरणाचं पाणी बघत बसू. वर कशाला?"

सर आमच्या तोंडाकडे बघत राहायचे. चढाची भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं तर आम्ही तिघं दुखावलो. चढ काय, चढू की! आणि ते खोटंही नव्हतं. मी चढावर सावकाश जायचे, पण थांबायचे नाही.

मला भीती होती ती उताराची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उतार आला की माझे हात ब्रेकवर आवळले जायचे, खांदे कानाला लागायचे आणि नजर पुढच्या चाकाखाली जायची. आमच्याकडच्या कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या उतारावरसुद्धा मी उतरून, सायकल हातात धरून चालायचे आणि कुणी दिसलं की चेनकडे बघितल्यासारखं करायचे.

पण रस्ता बघते म्हणाले होते, म्हणजे बघायला हवा होता. एका सुट्टीच्या दिवशी सर आणि मी एसटीने निघालो. मंचरला बस बदलली, घोडेगाव गेलं, डिंभे गेलं, आणि गाडी घाटाला लागली. मी खिडकीत होते. सर प्रत्येक वळणावर सांगत होते, इथे थांबता येईल, इथे सावली आहे, इथे खडी आलीय. खाली धरणाचं पाणी लांब लांब बोटांसारखं डोंगरात शिरलेलं दिसत होतं. वर गेलो तशी हवा बदलली. हिरड्याची झाडं दिसायला लागली, कापलेल्या भाताची खाचरं पिवळी पडली होती.

तळेघरला एका मावशींच्या घरी जेवणाची सोय होते असं कळलं होतं. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. आम्ही चौघं सायकलवरून येऊ आणि जेवू, असं सांगितलं.

"सायकल म्हंजी मोटरसायकल?"

"नाही मावशी. पायाची."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "घाट चढून येनार व्हय? मंग भाकऱ्या जादा टाकते. निस्त्या चार मानसांच्या न्हाई पुरायच्या."

पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि इथलाच भात असं ठरलं. पैसे किती म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आधी पोचा तर."

परतीची बस भरधाव निघाली. वळणामागून वळण. ड्रायव्हर सवयीचा होता, पण मी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. अर्ध्या घाटात सर माझ्या पायांकडे बघायला लागले.

"ताई, तुम्ही ब्रेक दाबताय?"

माझा उजवा पाय पत्र्यावर जोर करून दाबलेला होता. तो कधीपासून तसा होता देव जाणे. मी पाय उचलला आणि मग मला हसूच आलं, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. पुलाचं, चेनचं, डिंभ्यालाच थांबू असं का म्हणत होते त्याचं.

सर हसले नाहीत. शिक्षकाचा चेहरा करून म्हणाले, "अहो, मग आधी बोलायचं नाही का? चढायला दम लागतो, तो असतो किंवा नसतो. उतरणं शिकवता येतं."

दुसऱ्या दिवसापासून पतपेढी उघडायच्या आधी कालव्याच्या पुलावर आमची शाळा भरू लागली. सर खाली उभे राहायचे आणि ओरडायचे. "मागे बसा! सीटच्या मागे! दोन्ही ब्रेक, हलके हलके! वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळणात नाही! आणि खड्ड्याकडे बघू नका, बघाल तिथे सायकल जाईल!" ते अगदी खरं होतं. मी पहिल्या दिवशी एका शेळीकडे बघितलं आणि थेट तिच्याकडेच निघाले. शेळी शहाणी, ती बाजूला झाली. चौथ्या-पाचव्या खेपेला माझे खांदे खाली आले. त्या दिवशी मी न उतरता खालपर्यंत गेले आणि सरांच्या पुढे जाऊनही थांबले नाही, कारण थांबावंसंच वाटलं नाही.

तरी पोखरी घाट म्हणजे कालव्याचा पूल नव्हे. पुढच्या रविवारी टपरीवर परत आणे की ओतूर सुरू झालं, तेव्हा मी मधेच म्हटलं, "मला घाट चढायची नाही, उतरायची भीती वाटते. म्हणून मी डिंभे डिंभे करत होते."

भाऊने मांडीवर थाप मारली. "च्यामारी! ताई, मला वाटलं मी एकटाच हाये! माझं हे वजन. एकदा सुटलो तर थेट धरनात."

आम्ही शेठकडे बघितलं. शेठ यंत्राचं बटण दाबत बसले होते. "माझे ठोके उतारावर जास्त होतात," ते म्हणाले. "चढापेक्षा. मला वाटलं यंत्रच बिघडलंय."

सरांनी कपाळाला हात लावला. तीन महिने आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि त्यासाठी आण्याच्या वाऱ्यापासून ओतूरच्या मिसळीपर्यंत सगळं पणाला लावलं होतं. त्यानंतर सगळा बेत चहाचा दुसरा कप संपायच्या आत ठरला. भाऊ म्हणाला, "आमची मंडळी पिकअप घेऊन येईल. चढायचं सायकलवर, उतरताना सायकली गाडीत. टोमॅटोचे कॅरेट जातात, सायकली न्हाई जानार?"

"मी सायकलवरच उतरणार," सर म्हणाले.

"तुमी उतरा. आमी वरून टाळ्या वाजवू."

पुढच्याच रविवारी चांगलं उजाडल्यावर निघालो. हायवे टाळून आतल्या रस्त्याने घोडेगाव गाठलं. उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून चालले होते, त्यांच्या मागे थोडा वेळ फुकटचं गाणं ऐकत गेलो. मागून भाऊची बायको पिकअप चालवत होती. रोज मार्केटला माल नेणारी बाई, एका हाताने स्टिअरिंग फिरवायची. तिच्या शेजारी माझा नवरा, कमरेला उशी लावून. भाकरीसाठी येतो, असं त्याने आधीच सांगितलं होतं.

घाट चढायला लागलो तेव्हा बोलणं बंद झालं. भाऊ दर वळणावर थांबायचा आणि झाडाला मिठी मारून उभा राहायचा. शेठच्या यंत्रातून सारखी शिट्टी वाजत होती, शेवटी त्यांनी ते काढून खिशात टाकलं. मी एकाच चालीने वर गेले. तळेघरला पोचलो तेव्हा मावशी दारातच होत्या. त्यांनी चौघांच्या हातांवर पाणी घातलं. भाकऱ्या खरंच जास्त लागल्या. नवऱ्याने न चढताच आमच्याइतक्या खाल्ल्या.

परत निघताना सायकली गाडीत चढवल्या. सर हेल्मेटचा पट्टा आवळून पुढे निघाले आणि पहिल्या वळणाआड गेले. मी पिकअपच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबले. तो पाय वर जाईना.

"माझी सायकल काढा," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "वेडी आहेस का?" पण काढायला पहिला तोच पुढे आला. चाकाची हवा दाबून बघितली, ब्रेक दाबून बघितले. "मागून गाडी ठेवतो आम्ही," म्हणाला. "घाई करू नको."

मी मागे सरकून बसले. वळणाच्या आधी हळू, वळणात नजर पुढे. हात ब्रेकवर होते, तरी आवळलेले नव्हते. दोन-तीन वळणांनंतर वाऱ्याचा आवाज कानात भरला आणि खाली पाणी चमकलं. ते बघावंसं वाटत होतं पण बघितलं नाही, रस्ताच बघितला. मागून भाऊचा आवाज येत होता, "ताई, खडी! ताई, डावीकडं!" निम्म्या घाटात पिकअप थांबल्याचा आवाज आला. नंतर कळलं, शेठनीही सायकल काढून घेतली होती. भाऊ मात्र शेवटपर्यंत गाडीत उभा राहून सगळ्यांना रस्ता सांगत आला.

डिंभ्याला सर रस्त्याकडेला उसाचा रस पीत बसले होते. मला बघून त्यांनी ग्लास ठेवला, उठून उभे राहिले आणि चक्क टाळ्या वाजवल्या. सायकल कडेला टेकवली. मी खाली मातीतच बसले आणि हसत राहिले.

भाऊची बायको गाडीतून उतरून माझ्याजवळ आली. सायकलच्या सीटवर हात फिरवला. "ताई, इथं सपाट हाये. मला जमंल का हो?"

"बसून तर बघा."

तिने ओढणी कमरेला बांधली. मी सीट धरली, भाऊने हँडल धरलं. थोडं पुढे गेल्यावर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "सोडा आता!" भाऊने सोडलं, आणि ती डोलत, ओरडत, धरणाच्या रस्त्याने सरळ निघाली. आमचे भाऊ "ब्रेक! ब्रेक!" करत तिच्यामागे पळत सुटले.