पुस्तक नापास हाय

पोरगं वाचताना अडलं की गुरुजी कोटाच्या खिशातून ज्वारीचा एक दाणा काढायचे आणि त्या शब्दावर ठेवायचे. रागवायचे नाहीत, शब्द सांगायचेही नाहीत. पुढे पुन्हा अडलं की दुसरा दाणा. पान संपलं की त्या पानाकडे बघून म्हणायचे, "शेतात दाने पायजेत, पुस्तकात नाई." मग सगळे दाणे गोळा करून परत खिशात.

मुलांची परीक्षा घेणारे मास्तर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. आमचे गुरुजी पुस्तकाची घ्यायचे. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. रिसोडजवळच्या एका खेड्यात दोन मास्तरांची शाळा होती. ते मोठे, मी धाकटा. मी नुकताच शिकून आलेलो, इस्त्रीचा सदरा घालणारा आणि स्वतःवर फार खूश असलेला. म्हातारा माणूस दाण्यांशी काय खेळत बसतो, असं मला वाटे.

त्या वर्षी दिवाळीनंतर वरच्या कचेरीतून दुसरीच्या नव्या पुस्तकाची नमुन्याची प्रत आली. पाच पाठ मुलांकडून वाचून घ्या, भाषा त्यांना झेपते का ते महिनाअखेर कळवा, त्यानंतर पुस्तक छापखान्यात जाईल, असं पत्र होतं. गुरुजींना लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा आनंद झाला. "आयुष्यात पहिल्यांदा कोनी इचारलं," म्हणाले आणि कोट झटकून ठेवला.

पण मधेच त्यांना घरच्या कामासाठी आठवडाभर शेलूबाजारकडे जावं लागलं. इथे मी शहाणपणा केला. मुलं अडखळली तर वर नाव जाईल, शाळेची नाचक्की होईल, या धास्तीने मी ते पाचही पाठ आठ दिवस मुलांकडून घोकून घेतले. छडीसुद्धा वापरली.

गुरुजी परतले, दाणे घेऊन बसले. गिरजाला पुढे बोलावलं. ही पोरगी दुसरीतच दोन वर्षं बसलेली. ती उभी राहिली आणि "प्रभातसमयी विहंगगण मधुर कूजन करितात" इथपासून धडाधड सुटली. एकही दाणा पडला नाही. गुरुजींनी हळूच सगळ्या पानावर पंजा ठेवला. तरी गिरजा वाचतच राहिली! पोरं हसली. मी जमिनीकडे पाहत होतो.

"मास्तर," ते मला एवढंच म्हणाले, "तुमी त पुस्तकालेच पास करून टाकलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गिरजाला जवळ बसवलं. "आता पुस्तक राहू दे. यात काय लेहेलं हाय, सांग."

गिरजा पुन्हा "प्रभातसमयी"पासून सुरू झाली.

"बरं, तुह्या घरी सकाळी काय होते?"

"चिमण्या इतका कल्ला करतेत," ती म्हणाली, "का मायले मले उठवाच लागत नाई."

गुरुजींनी दौत ओढली आणि कचेरीच्या कागदावर गिरजाचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. खाली लिहिलं : 'हाच अर्थ. मुलीला सांगता येतो, पुस्तकातून कळत नाही. पाठ मुलांकडून घोकून घेतले गेले. दोष शाळेचा, म्हणजे माझा.'

मी घाबरलो. त्यांच्या पेन्शनचे कागद त्याच कचेरीतून निघायचे होते. म्हटलं, "गुरुजी, माझं नाव लिहा."

"तुमची नौकरी नवी हाय. माही सरली. बसा गुमान."

उत्तर आलंच नाही. त्यांचे कागद मात्र कुठेतरी अडकले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. दोष माझा, हे वर सांगायला माझी जीभही उचलली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

एप्रिलमध्ये गिरजा तिसऱ्यांदा नापास झाली. तिचा बाप शाळेत आला. "गुरुजी, नाव कमी करा. वावरात तरी कामी येईन. तिच्या डोक्यातच नाई."

गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांना कोणासमोर हात जोडताना मी तेव्हाच पाहिलं. "भाऊ, पोरगी नापास नाई. पुस्तक नापास हाय. नवं येऊन राह्यलं. मले एक साल द्या."

"आन् तेबी असंच असलं त?"

"त मंग घेऊन जाजा."

आपल्या कागदाचं वर काय झालं, कोणी वाचला की रद्दीत गेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी शब्द देऊन बसले. महिनाअखेर निवृत्त झाले, ट्रंक घेऊन शेलूबाजारच्या बाजूला आपल्या गावी गेले. आणि त्याच उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापात, गेले. मला पोस्टकार्डाने कळलं. मी वर्गात एकटाच बसून रडलो.

शाळा उघडली. पुस्तकांचा गठ्ठा आला. सुतळी तोडून मी तो पाठ काढला. विहंगगण उडून गेले होते. सगळंच बदललं होतं असं नाही; पुढचे काही पाठ तसेच जड होते. पण इथे स्वच्छ मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'चिमण्या इतका कल्ला करतात की आईला मला उठवावेच लागत नाही.'

मी गिरजाला उभं केलं, काहीही न सांगता. ती बोट ठेवून वाचू लागली, सावकाश, एकेक शब्द. त्या वाक्याशी आली आणि वाचत पुढे गेली. आपणच ते बोललो होतो, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. पुस्तकं अशीच बोलतात, असंच तिला वाटलं असावं.

पाठ संपला. मी काही बोलेन म्हणून ती थांबली.

"मास्तर," तिने विचारलं, "पुढचा वाचू काय?"