शिट्टीबाईंचा घटस्फोट

गावातल्या निम्म्या लोकांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाईच म्हणत. तलावावरच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या तरी संध्याकाळच्या तुकडीला त्या हौसेने जायच्या. तिथे त्यांचा आवाज या काठावरून त्या काठाला खणखणीत पोचायचा.

घरी मात्र बोलायची पाळीच यायची नाही. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून गावाचे घड्याळकाका. अगदी सरळ माणूस. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. फक्त बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायची त्यांना खोड होती. चहा घेणार का? "तिला नको." तब्येत कशी आहे? "तिचं बरं चाललंय." दुकान होतं तोवर हे सकाळ-संध्याकाळपुरतं असायचं. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फेडायला घड्याळकाकांनी दुकान विकलं, ते घरी बसले, आणि आयुष्यभर पाण्यात काढलेल्या बाई कोरड्या घरात गुदमरायला लागल्या.

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी काकांना सरळ सांगितलं, वेगळं व्हायचंय. मग दोघं मिळूनच वकील भाचीकडे गेले.

"मावशी, कारण काय?" भाचीने विचारलं.

"तिला कंटाळा आलाय," काका म्हणाले.

भाचीने पेन खाली ठेवलं. "कळलं मला."

बाईंना हसू आवरेना. काकांना मात्र काय झालं ते उमगलं नाही.

"दोघं राजी असाल तर कोर्टात फारसं अडणार नाही," भाची म्हणाली. "पण या वयात हिशोब चुकला, तर पुन्हा कमवून भरून काढता येत नाही. घर दोघांच्या नावावर आहे. पेन्शन एकट्या मावशीची. काका, तुम्ही तिच्या आरोग्य योजनेत आहात ते नवरा म्हणून. घटस्फोट झाला की नाव कमी होणार. तिच्यामागे तुम्हाला पेन्शन मिळाली असती, तीही नाही."

बाई हसायच्या थांबल्या. "मग यांच्या खुब्याचं ऑपरेशन?"

"आधी ते उरकून घे. नवरा आहेत तोवर."

कागद बाजूला पडले. ऑपरेशन झालं. बाईंनी काकांना उठवलं, बसवलं, काठी धरून चालवलं, एकदा तर चांगलं दटावलंही. यांचं पुन्हा जुळलं, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं. काकांनाही तसंच वाटलं.

"आता राहू दे ना ते कागद," एका दुपारी ते म्हणाले.

"अहो, तुमचा खुबा दुखत होता, तो बदलला. माझं दुखणं आहे तिथंच आहे."

काकांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "घराचं काय करूया? तुला काय वाटतं?" आणि उत्तराची वाट बघत गप्प बसले.  इतक्या वर्षांत असा प्रश्न ऐकायची बाईंना सवयच राहिली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, पण मत बदललं नाही.

"विकूया. दोन लहान घरं घेऊ. एका रस्त्यावर चालतील, एका जिन्यावर नकोत."

तसंच झालं. काकांच्या वेगळ्या विम्याचा हप्ता आपण भरू, असं बाईंनी करारात स्वतःहून घालायला लावलं. पोटगी घ्यायला काका तयार नव्हते. भाचीने त्यांना समजावलं, ही भीक नव्हे, हक्क आहे. तेव्हा थोडी घेतली. दोघांनी मृत्युपत्रं नव्याने केली, बँकेत वारस म्हणून मुलीचं नाव लावलं. कोर्टातून परतताना एकच रिक्षा केली, कारण काकांना अजून फार चालवत नव्हतं.

मुलगी महिनाभर फोनवर धड बोलली नाही. मग रजा काढून आली आणि दारातच म्हणाली, "आता मी उतरायचं कुठे?"

"झोपायला माझ्याकडे, जेवायला बाबांकडे. स्वयंपाक शिकलेत ते. चव बेताचीच आहे, तोंडावर बोलू नकोस."

मुलगी बाबांकडे जेवायला निघाली, तशी बाईंनीही चपला पायात सरकवल्या.

"तू कुठे?"

"मलाही बोलावलंय," बाई म्हणाल्या आणि दाराला कुलूप लावलं.