मास्तरांचा पहिला पट्टा

मास्तर पहाटे पळायला लागले आणि गल्लीला चघळायला विषय मिळाला. मास्तर म्हणजे आपले कोपऱ्यावरचे शिंपी. पन्नाशी गाठलेला गडी. मशीनवर बसायचे तर आधी पोट बसायचं, मग मास्तर. शेजारचा सलूनवाला मुद्दाम दारात येऊन उभा राहायचा.

"काय मास्तर, साखर निघाली का?"

"नाही रे, गुडघा धरतो. जरा मोकळा करतोय."

"गुडघा धरलेला माणूस असा पळतो होय? वर परवा केस काळे करून गेलात. हे काही गुडघ्याचं लक्षण नाही!"

मास्तर हसत पुढं सटकायचे. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

झालं होतं असं, की एक नवीन गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं. बाई खूश होती. जाता जाता मास्तरीणबाईंना म्हणाली, "वडिलांना सांगा हं, बाही फार सुंदर बसलीय!" मास्तरीणबाई मास्तरांहून वर्षानं मोठ्या! त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. दिवसभर त्यांचं चालू होतं, "बाबा, चहा टाकू का?" मास्तरही हसले. पण दुकानातल्या उभ्या आरशात त्यांनी स्वतःला एकदा बाजूनं पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. हिच्या शेजारी उभं राहिल्यावर पुन्हा कुणाच्या तोंडून 'वडील' निघता कामा नये, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या कमरेला टेप लावायची तर पोट आपोआप आत जातं, हे रोज गिऱ्हाइकांची मापं घेणाऱ्या माणसाला कुणी सांगावं? साक्षीदार एकच, अंगातली पॅन्ट. पट्टा त्यांनी जन्मात वापरला नव्हता. "ज्याचा शिंपी कच्चा, त्यानं पट्टा बांधावा," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. पॅन्ट घसरायला लागली की जिंकलो, हा हिशेब.

पळून पळून दम लागेनासा झाला. पुलाचा चढ ते एका दमात चढायला लागले. अंगात असं वारं भरायचं की कापड बेततानाही शीळ घालायचे. पण पॅन्ट? ती तशीच. कमरेला चोख बसलेली. आठवडे गेले, बोटभरही ढिली नाही!

शेवटी एका सकाळी मास्तर पळून थेट दुकानात आले आणि बूट कोपऱ्यात भिरकावले.

"बास! उद्यापासून बंद."

"अहो, झालं काय?"

"एवढं ऊर फुटेस्तोवर पळतोय आणि कंबर हलायला तयार नाही!"

"कोण म्हणतं?"

"ही पॅन्ट म्हणते!"

मास्तरीणबाईंनी चटकन तोंडावर हात ठेवला. मग दुकानामागच्या दोरीवरची दुसरी पॅन्ट काढली आणि कंबर उलटी करून त्यांच्यापुढं धरली. शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडावर, ज्याला शिंपी माया म्हणतात, जुन्या टिपांची भोकं ओळीनं दिसत होती. ताजी टीप त्या सगळ्यांच्या कितीतरी आत होती.

"हे कुणी केलं?"

"मीच की. मास्तरांचीच पॅन्ट गळायला लागली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? धुऊन आली की आवळत होते. तुम्ही सुटत होतात तेव्हाही अशीच सैल करत होते. तुम्हाला कधी कळलंय?"

मास्तर त्या भोकांकडं बघतच राहिले. एक ओळ, दुसरी, तिसरी. मग एकदम ओरडले, "अगं, मग मी बारीक झालोय!"

"झालात की! पण कशासाठी, ते सांगाल का आता?"

मास्तर लाजले. "ती बाई मला तुझा बाप म्हणाली होती."

या वेळी मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "एवढं मनाला लावून घेतलंत?" म्हणत त्यांनी मास्तरांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "मी मेली 'बाबा बाबा' करत बसले." मग त्यांनी कात्री उचलली, पॅन्टवरची ताजी टीप सरसर उसवली आणि सगळ्यात बाहेरच्या जुन्या भोकांवरून पुन्हा मशीन मारली. "घाला ही. बघू तरी किती उतरलात."

मास्तरांनी पॅन्ट चढवली. हात सोडताच ती खाली निघाली. त्यांनी दोन्ही मुठींत कंबर धरली आणि तसेच दुकानाबाहेर उडी मारून सुटले.

"अहो! चाललात कुठं असे?"

"पट्टा आणायला!"

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा हवेतच थांबला.