गावकीने काढलेले मेंबर

बोट वर करून आमचे मेंबर म्हणायचे, "हरकतीचा मुद्दा!" आणि नळावरची बायकांची रांग हसायला लागायची. कुणाची कळशी मध्येच घुसली, कुणी दुसऱ्याच्या दोरीवर कपडे वाळत टाकले, की यांचं बोट वर झालंच. विधानसभेत मात्र हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले असतील असं मला वाटत नाही. तिथे ते मागच्या बाकावर बसायचे आणि पक्ष सांगेल तेव्हा हात वर करायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी होत्या. मी गिरगावातून लग्न होऊन आलेली, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण. ते मालवणकडचे, गिरणीत साच्यावर कापड विणणारे. गिरणीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, म्हणून सत्तेवरच्या पक्षाने त्यांना उभं केलं आणि ते निवडून आले. तेव्हापासून सारी चाळ त्यांना नुसतं 'मेंबर' म्हणायची. गिरणीतली नोकरी सुटली आणि घर मेंबरकीच्या पगारावर चालू लागलं. "हा पगार लोकांचा आहे," असं ते छाती काढून सांगायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, आतून म्हणायच्या, "मगे लोकांका वायच चाय तरी इचारा."

त्यांच्या गावची बरीच माणसं आमच्या चाळीत होती आणि गावमंडळाची एक मोठी खोली होती. गावकीचा रिवाज साधा. ज्याच्यावर काम सोपवायचं त्याला देवापुढे सुपारी द्यायची. तो चुकला तर सगळ्यांनी बसून ती परत मागायची. त्याने सुपारी देवापुढे ठेवली की तो मोकळा, मग मागचं कुणी उकरून काढायचं नाही. निवडणुकीआधी मेंबरांनाही अशी सुपारी दिलेली होती, आणि ती त्यांच्या देव्हाऱ्यात होती. तुमच्यापैकी ज्यांनी गिरणगावात दिवस काढलेत, त्यांना यात नवल वाटायचं नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिसू लागलं आणि परळ-लालबाग पेटलं. मेंबर पक्षातच राहिले. "आत राहून सांगतो," म्हणायचे. लोक तोंड फिरवून जायला लागले. मग पोलिसांचा गोळीबार झाला. आमच्या मजल्यावरचा दत्ताराम पाळी संपवून घरी येत होता, नाक्यावर छातीत गोळी लागून तो गेला.

त्या रविवारी गावमंडळाच्या खोलीत गावकी बसली. आम्ही बायका गॅलरीत दाराशी उभ्या होतो. दत्तारामची आई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. गावकीचे म्हातारे पुढारी तात्या म्हणाले, "मेंबरा, तू आमचो की सरकारचो?"

मेंबरांचं बोट सवयीने वर गेलं, "हरकतीचा..." आणि खाली आलं. कुणी हसलं नाही. मग ते पाठ म्हणावा तसं कायदा सांगू लागले. "मतदारांनी मेंबराला काढायची तरतूद नाही. वेड लागलं, दिवाळं निघालं, कोर्टाने मोठी शिक्षा केली, न विचारता गैरहजर राहिलो, तर जागा जाते. नाहीतर मी आपणहून राजीनामा द्यायचा. तोवर, पुढच्या निवडणुकीपर्यंत, मी मेंबर."

"ता तुझ्या सभेत," तात्या म्हणाले. "हंय गावकी बसली हा. सुपारी ठेय."

दारातली पोरं पुढे सरकली. एकाने बाह्या वर केल्या. आता हात उठणार असं वाटलं. तेवढ्यात वहिनी वाट काढत आत गेल्या आणि देव्हाऱ्यातली सुपारी मेंबरांच्या हातावर ठेवून बाहेर आल्या. मेंबरांनी ती देवापुढे ठेवली. खोलीतला ताण एकदम सैल झाला.

गॅलरीत ते मला हळूच म्हणाले, "त्यांचं समाधान झालं. कायद्याने काही बिघडत नाही."

"म्हणजे फसवलंत त्यांना," मी फटकन बोलले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. ते खोलीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून चाळ बदलली. लोकांच्या लेखी ते आता मेंबर नव्हतेच. कालपर्यंत पाठ फिरवणारे "काय रे, जेवलंस?" म्हणून विचारू लागले. ते पिशवी घेऊन विधानसभेला निघाले की लोकांना वाटे, बिचारा कामाच्या शोधात चाललाय. तात्यांनी तर गिरणीत कामगार भरणाऱ्या एका जॉबरकडे शब्दही टाकला.

दत्तारामच्या तेराव्याला त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. दत्तारामची आई स्वतः वाढायला आली. म्हणाली, "जेव रे बाबा. तू सोडलंस, बरा केलंस. माझो झील फुकट नाय गेलो."

मी समोरच वाढत होते. त्यांचा घास हातातच राहिला. पण तेराव्याचं पान टाकून उठायचं नसतं. खाली मान घालून त्यांनी एकेक घास संपवला. इतक्या कष्टाने जेवताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

बाहेर येऊन ते वहिनींना म्हणाले, "उद्या राजीनामा देतो."

वहिनींचा चेहरा उतरला. "आणि पोरींची शाळा? गिरणीन परत घेतला नाय तर?"

"तिने मला वाढलं गो. मेंबराला नाही वाढलं."

वहिनींनी आत जाऊन त्यांची पिशवी आणली. मग म्हणाल्या, "उद्या कित्याक? आज सभा नाय काय?"

ते त्याच पावली गेले. त्या दिवसांत राजीनामा देणाऱ्यांना हारतुरे मिळत, मिरवणुका निघत. आमच्या चाळीत कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. त्यांच्या हिशेबी हा माणूस केव्हाच निघालेला होता. कायमची नोकरी काही मिळाली नाही. गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून ते रोज सकाळी उभे राहू लागले, आणि काम नसलं की परत यायचे.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीच्या पटांगणात सभा झाली. मेंबरकी सोडलेल्यांना एकेक करून वर बोलावत होते. यांचं नाव कुणी घेतलं नाही. मला राहवेना. मी उठले.

"बाई, बसा," ते मागून म्हणाले.

"का बसू? तुम्ही खरोखर सोडलंत!"

"मग कधी सोडलं, तो विषय निघेल. आणि तेराव्याला दत्तारामच्या आईने कुणाला वाढलं, तेही तिला कळेल."

दत्तारामची आई पुढे सतरंजीवर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं, हे तिला दिसले आणि बाजूची जागा हाताने थोपटत म्हणाली, "हंय ये रे, बस."

ते गेले, तिच्याजवळ मांडी घालून बसले आणि वर हार घालून घेणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवू लागले. मीही खाली बसले.