डावीकडची सीट

पेणजवळच्या खारातली आमच्या वाट्याची जमीन प्रकल्पात गेली, मोबदला हातात आला आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर मला पहिल्यांदा मनासारखी गाडी घेता येईल असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. घरात बाकी कुणाला त्यात काडीचा रस नव्हता. जुनी छोटी गाडी खालून गंजली होती, क्लच रोज नवं नाटक करत होता, त्यामुळे नवी घ्यायची यावर मात्र कुणाचा वाद नव्हता.

मी रोह्याला धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. उमेदीची सगळी वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात गेली. चांगलं इंजिन एका लयीत फिरायला लागलं की मला अजूनही बरं वाटतं. मला हवी होती लांब नाकाची, दोन दारांची, दणकट इंजिनाची लाल गाडी. पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. पनवेलकडच्या शोरूममध्ये ती काचेआड उभी होती आणि मी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिला बघून येत होतो. बायको म्हणायची, मुलगी बघायला आलात तेव्हा एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्यात.

सगळं अडलं ते पाटावर.

आमचं मूळ घर पेणचं. आजोबा रोह्याला आले तरी गणपती पेणहूनच आणायचा हे त्यांनी मोडलं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला घरचा लाकडी पाट मूर्तींच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडणार आणि त्याच पाटासकट घरी येणार. शाडूची मूर्ती, तोंडावर रुमाल, आणि वडखळ, नागोठणे, निडी करत रोह्यापर्यंत ती टेम्पोत नाही, डिकीत नाही, घरातल्या मोठ्या पुरुषाच्या मांडीवर. आजोबांनी ती एसटीतून अशी आणली. मग बाबांनी. बाबा आता ऐंशीला टेकलेत आणि गुडघे कधीच गेलेत, पण पुढच्या डाव्या सीटवर पाट मांडीवर घेऊन बसलेला माणूस म्हणजे बाबा, यात घरात गाडी आल्यापासून बदल झालेला नव्हता. मी जन्माचा ड्रायव्हर.

म्हणून मी प्रत्येक गाडी बघायला पाट घेऊन जायला लागलो, आणि सोबत बाबांना. शोरूममधला सेल्समन मला इंजिनाची ताकद सांगत होता आणि मी टेपने सीटपासून टपापर्यंतचं अंतर मोजत होतो. टप मागे उतरता, पुढची काच अंगावर आल्यासारखी. मुकुट धरून मूर्ती कशीबशी मावली असती. पण बाबा त्या सीटवर बसले ते विहिरीत उतरल्यासारखे, आणि बाहेर काढताना मी एका हाताला, सेल्समन दुसऱ्या हाताला. उठल्यावर त्यांनी सदरा झटकला. "गाडी झ्याक हाय," म्हणाले, "पण माणसानं निजायचं का बसायचं हिच्यात?"

माझं डोकं फिरलं. बाबांवर नाही, गाडीवर. मग पाटावर. मग सगळ्यावरच.

त्यानंतर पेणच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी बघितली. माझ्या लहानपणी लग्नात नवरदेवाला बसवायचे तसली, कडांना चकचकीत पत्रा, पुढे सोफ्यासारखी अखंड सीट. बाबा तिच्यात बसले आणि खुलले. पाट मांडीवर, वर हातभर मोकळी जागा, गुडघ्यांना त्रास नाही. मीही मनात म्हटलं, चला, लाल नाही तर नाही, हिच्यात निदान ऐट आहे. डॉक्टर स्वतः चालवत होते. हायवेला लागलो, वर्षानुवर्षं चालू असलेल्या रस्त्याच्या कामामुळे लागलेल्या रांगेत अडकलो आणि वडखळच्या अलीकडे बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. डॉक्टरांनी हसतमुखाने डिकीतून पाण्याचा कॅन काढला. जुन्या गाडीवर प्रेम करायचं तर एवढं चालायचंच, असं त्यांचं म्हणणं. आम्ही कडेला उभे राहिलो आणि शेजारून जाणारा प्रत्येक डंपर आम्हाला धुळीने माखून गेला. बाबा एवढंच म्हणाले, "देवाला मांडीवर घेऊन हितं उभं ऱ्हायचं?"

तिसरी गाडी माझ्या शाळेतल्या मित्राची. तो बरीच वर्षं दुबईला होता, आता रोह्यात परतलाय. त्याने मुंबईतून एक परदेशी गाडी घेतली होती, बसकी, पिवळी, माणसाच्या कमरेएवढी. तो ती विकायला काढत होता, आणि का, ते मला त्याच्या गल्लीतच कळलं. गतिरोधक आला की तो गाडी तिरकी करायचा, एक चाक चढवायचा, श्वास धरायचा, आणि तरीही खालून खर्रकन आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला त्याचा चेहरा पिळवटायचा. "यार, अम्मीला दवाखान्यात न्यायचं तर मी रिक्षाच बोलावतो," तो म्हणाला. बाबांना मी त्या गाडीत बसवलंसुद्धा नाही.

बायकोचं मत पहिल्या दिवसापासून तयार होतं. उंच, पांढरी, चार दारांची. आमच्या गल्लीत तसल्या चार उभ्या आहेत आणि रात्री कुठली कुणाची ते मालकांनाही कळत नसेल. "अहो, सगळे बसतील, पाट बसेल, बाबांना चढता येईल. अजून काय पायजे?" तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, त्यामुळे मी आणखीच चिडलो. आयुष्यभर सगळे बसतील अशाच गोष्टी घेतल्या. घर तसं, सोफा तसा, जेवायचं टेबल तसं. एक गोष्ट माझ्या एकट्याच्या मापाची घेतली तर काय आभाळ कोसळणार होतं? हे मी तिला बोललोही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग घ्या की. अडवलंय कुणी?"

अडवलं कुणीच नव्हतं. त्याचाच वैताग होता.

पाट द्यायचा दिवस आला तरी गाडीचा पत्ता नव्हता. जुन्या गाडीतूनच पेणला गेलो. मी चालवत, शेजारी बाबा, मागे बायको. कारखान्यात पांढऱ्या, अजून रंग न चढलेल्या मूर्तींच्या रांगा होत्या. मूर्तिकाराने पाट हातात घेतला, त्याची कड नेहमीसारखी अंगठ्याने चाचपली. "उंची तीच ना, काका?"

"तीच," बाबा म्हणाले. "कमी करायची नाय." मग थोडं थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण अवंदा मांडीवर ह्यो घेईल."

मला आधी वाटलं ते गुडघ्यांबद्दल बोलतायत. म्हटलं, "बाबा, उंच गाडीच घेऊ. तुम्ही आरामात बसाल."

"गाडीचं नाय रे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. हात थरथरत होते. हे मी रोज बघत होतो, चहा सांडायचा तेव्हा कपच बदलून देत होतो. "गेल्या वर्षी निडीजवळ खड्डा आला ना, तवा माझा डावा हात सुटला व्हता. छातीनं आवळून धरला मी देव. तुला बोललो नाय."

निडीजवळचा तो खड्डा मला आठवत होता. मी तेव्हा समोरच्या ट्रेलरवाल्याला शिव्या देत होतो.

"मग आधी सांगायचं ना," मी ओरडलोच. मूर्तिकार दुसरीकडे बघायला लागला. "दोन महिने टेप घेऊन वणवण फिरतोय मी. तुम्हाला घेऊन फिरतोय. कशासाठी?"

"तू गाड्या बघत व्हतास," बाबा म्हणाले. "म्हटलं, बघू दे."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"ही चालवील की," त्यांनी बायकोकडे मान वळवली. "ती खड्डा बघून चालवते."

परतीच्या वाटेवर मला आजोबा आठवत राहिले. आजोबांनी ज्या वर्षी पाट बाबांच्या मांडीवर दिला, त्या वर्षापासून आजोबा घरातल्या कशातच पडले नाहीत. शेत कुणाला द्यायचं, कुणाचं लग्न कुठे, काही विचारलं की म्हणायचे, त्याला विचारा. हे मला ठाऊक होतं, बायकोलाही ठाऊक होतं. आता बाबाही तसंच करणार. मला मांडीवर काही नको होतं. मला स्टिअरिंग हवं होतं, आणि शेजारी बाबा हवे होते, हळू चालव म्हणून मला वैताग आणणारे.

पुढच्या रविवारी मी एकटाच शोरूमला गेलो. पाट पेणला होता, म्हणून घरातून तांदळाचा स्टीलचा डबा घेतला, अंदाजाने मूर्तीइतका जड. लाल गाडी तिथेच होती. सेल्समनने मला ओळखलं आणि उजवीकडचं दार उघडलं. मी फिरून डावीकडे गेलो. एवढ्या गाड्या बघितल्या, पण डाव्या सीटवर मी एकाही गाडीत बसलो नव्हतो. त्या खोल सीटवर बसलो, डबा मांडीवर घेतला.

"सर, आज तरी चालवून बघणार ना?"

"तुम्ही चालवा," मी म्हटलं. "हायवेला घ्या. खड्डे चुकवू नका."

त्याने एकदा डब्याकडे बघितलं आणि गाडी काढली. ज्या आवाजासाठी मी एवढे दिवस जीव टाकत होतो तो आवाज निघाला असणार. पण पहिलाच खड्डा आला तसे माझे दोन्ही हात डब्याभोवती आवळले गेले, हनुवटी झाकणावर टेकली, आणि गाडी कशी चालते ते बघायचं राहूनच गेलं.